वरून नऊ, खालून सहा

आमच्या कारखान्यात वेल्डरचा शेवटचा जोड लाइनीतून कापला की तो वेल्डरही जातो. हे काही आजचं नाही. कारखाना उभा राहिल्यापासून असंच चाललंय, आणि भरतीच्या कागदावर सही घेताना ते आम्हाला मोठ्याने वाचून दाखवलेलं असतं. बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो नुसता तोंडाकडे बघत बसतो. आता यात बघत बसण्यासारखं काय आहे? त्याच्याही ऑफिसात काहीतरी नियम असतीलच की.

जोड कुणाचा ते कळावं म्हणून प्रत्येक वेल्डरला नंबर असतो. जोड पुरा झाला की शेजारी पायपावर नंबराचा पंच ठेवून हातोडीचा एक ठोका द्यायचा. माझा नंबर सहा. मी रघुनाथ शिगवण. एकेकाळी या कारखान्यात माझे चारशे बारा जोड होते, आणि मी छाती काढून फिरत असे. सहा वर्षांपूर्वी डोळ्यांत मोतीबिंदू आला आणि वेल्डिंगच्या वार्षिक परीक्षेत मी आडवा झालो. ऑपरेशन झालं, पण हात आता पूर्वीसारखा चालत नाही. मला टूलरूममध्ये बसवलं. तिथे मी हत्यारं देतो, हत्यारं घेतो. नवीन जोड लावायची मला बंदी, आणि जुने जोड मात्र कापले जातच होते. जुना बॉयलर भंगारात गेला तेव्हा एका आठवड्यात माझे दोनशे जोड गेले. मग पाण्याची लाइन प्लास्टिकची झाली. मग आणखी काही झालं. होता होता एक उरला.

जाणं म्हणजे काय, हे मी चाळक्यांच्या वेळी डोळ्यांनी पाहिलंय. चाळके म्हणजे नंबर तीन. त्यांचा शेवटचा जोड पंपाजवळ होता. त्या दिवशी आम्ही टूलरूमच्या बाकावर बसलो होतो. त्यांनी पेला पुढे धरला, मी किटलीतून चहा ओतायला लागलो आणि चहा बाकावर सांडला. एवढंच. आवाज नाही, धूर नाही, काही नाही. लांबवर ग्राइंडर थांबला होता. कापलेल्या जोडाची कडी वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्या घरी पोचवली, सोबत कामगार अधिकाऱ्यांचं पत्र. बाकावरचा चहा मी पुसला. तेव्हापासून मला ग्राइंडरचा आवाज सहन होत नाही, आणि कारखान्यात दिवसभर दुसरा आवाज नसतो.

माझा उरलेला जोड चौदा नंबरच्या खांबापाशी. तिथे वाफेचा आठ इंची मुख्य पाइप डोक्यावरून जातो, आणि त्याच्या कुशीतून रंगखात्याकडे दोन इंची फाटा फुटतो. फाटा जिथे मुख्य पायपाला चिकटलाय, तो जोड माझा. रोज दुपारी मी शिडी चढून त्याला बघून येत असे. घरी गेलो की कुंदा, म्हणजे आमची बायको, चपला काढायच्या आत विचारायची, "आहे ना?" मी म्हणायचो, "आहे." मग ती चहा टाकायची. सहा वर्षं आमच्या घरात संध्याकाळ अशी सुरू होत होती.

मार्गशीर्षातल्या एका सोमवारी मी वर गेलो, तर पायपावरच्या पत्र्याच्या फटीतून पाणी ठिबकत होतं. पत्रा सैल करून आत बोट घातलं आणि पोळलं. जोडाच्या काठाला केसाएवढी चीर होती. तिच्यातून वाफ येत होती, दिसत नव्हती, पण बारीक शिटी ऐकू येत होती.

नियमाप्रमाणे मी तिथल्या तिथे खाली उतरून कळवायला हवं होतं. मी कळवलं नाही. मी खिशातलं फडकं त्या चिरेवर दाबलं, वरून पत्रा आवळला आणि घरी जाऊन "आहे" म्हणालो. अकरा दिवस मी रोज फडकं बदलत होतो. त्या पायपाखालून पॅकिंगच्या बायका डबे घेऊन जात-येत असतात. फाटा सुटला असता तर त्यांचं काय झालं असतं, हे मला ठाऊक होतं. मी तीस वर्षं हेच काम केलंय, मला ठाऊक नसेल तर कुणाला असेल? पण भीती वाटली की माणूस अकरा दिवस काढतो. बाराव्या दिवशी सुलभा पाष्टे नावाच्या बाईच्या मनगटावर उकळता थेंब पडला. तिने आरडाओरड केली, आणि बरं केलं.

तपासणी खात्याच्या अभ्यंकर मॅडम आल्या. मॅडम कामाला चोख, बोलायला हळू. त्यांनी पत्रा काढला, माझं फडकं चिमटीत धरून बघितलं आणि पिशवीत टाकलं. मग पायपावरचा रंग खरवडून घेतला. संध्याकाळी नोटीस लागली. शुक्रवारी, चौदा तारखेला, लाइन बंद करून, वाफ सोडून, थंड झाल्यावर जुना फाटा मुळासकट कापायचा. तिथे जाड बुडाचा नवा फाटा बसवायचा. वेल्डर घाग, नंबर एक्केचाळीस. नोटिशीच्या खाली एक रकाना असतो, 'जाणारा कामगार'. तो कोरा होता.

तो रकाना कोरा का, हे बुधवारी कळलं. मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं, तर तिथे हनीफ परकार आधीच बसलेला.

हनीफभाई म्हणजे नंबर नऊ. आम्ही एकाच वर्षी लागलो, एकाच बसने येतो, पस्तीस वर्षं एकाच बाकावर डबा खातो. गुडघे गेल्यामुळे त्यालाही माझ्यासारखीच नवीन जोडांची बंदी, आणि तो आता जड सामान उचलायच्या चेनपुल्यांवर देखरेख करतो. घराच्या पडवीत एक होडी बांधतोय, निवृत्त झाल्यावर खाडीत घालायला. त्याचेही जोड संपत आलेत हे मला ठाऊक होतं. पण किती उरले हे आमच्यात कुणी कुणाला विचारत नाही. बरं दिसत नाही ते.

मॅडमनी दोन वह्या पुढ्यात ठेवल्या. जुन्या वहीत चौदा नंबरच्या खांबापाशी लिहिलं होतं, वेल्डर सहा. नव्या वहीत त्याच जोडापुढे, वेल्डर नऊ. दोघांचाही शेवटचा जोड तोच. हनीफ माझ्याकडे बघेना, मी त्याच्याकडे बघेना.

आता हे कसं झालं ते सांगतो. नंबरांच्या पंचांची जी पेटी बाजारात मिळते, तिच्यात शून्यापासून आठपर्यंत नऊच पंच असतात. नवाचा पंच वेगळा येत नाही. सहाचाच उलटा धरून ठोकायचा. सगळ्या कारखान्यांत हेच चालतं. तो फाटा पायपाच्या कुशीतून निघाल्यामुळे तिथला आकडा पायपाच्या वर ये-जा करायला टाकलेल्या फळीवर उभं राहून वाचला तर नऊ, आणि शिडीवरून वाचला तर सहा. जुन्या वहीवाला शिडीवर उभा होता, नव्या वहीवाला फळीवर. सहा वर्षं मी त्या जोडाला दुपारी शिडीवरून बघून जात होतो. हनीफ सकाळी फळीवरून बघून जात होता.

मॅडमनी विचारलं, जोड नक्की कुणी लावला? आम्हाला खरंच आठवेना. ती लाइन टाकताना कारखाना बंद होता, तेव्हा आम्ही दोघांनी दोन दिवसांत अकरा फाटे लावले होते, तोंडावर मुखवटे, पाठीला पाठ. अकरांतला कुठला कुणाचा, हे देवालाच ठाऊक. मॅडम म्हणाल्या, त्या काळी काही वेल्डर आकड्याच्या पायाशी एक टिंब मारत, वर-खाली कळावं म्हणून. पण गंजाचे खड्डे इतके आहेत की साध्या डोळ्याला टिंब दिसत नाही. गुरुवारी तीन वाजता त्या भिंग घेऊन येणार होत्या. टिंब ज्या बाजूला असेल, ती खालची बाजू. त्याप्रमाणे रकाना भरला जाईल.

"तुम्ही टिंब मारायचात का?" त्यांनी विचारलं.

"कधी मारायचो, कधी नाही," मी म्हणालो. हनीफही तेच म्हणाला.

त्या संध्याकाळी कुंदाने "आहे ना?" विचारलं आणि मी "आहे" म्हणालो. खोटं नव्हतं ते.

गुरुवारी सकाळी हनीफ टूलरूमच्या खिडकीशी आला आणि सेंटर पंच मागितला. सेंटर पंच म्हणजे टोकदार सळई, जिच्याने लोखंडावर टिंब मारतात. चेनपुलीच्या पाटीवर खूण करायचीय म्हणाला. मी पंच दिला. हत्यार घेणाऱ्याने आपला पितळी बिल्ला द्यायचा, आणि तो मी हत्याराच्या रिकाम्या खिळ्याला टांगायचा, ही टूलरूमची पद्धत. त्याचा नऊ नंबरचा बिल्ला मी टांगला. बिल्ल्याला वर भोक असतं, म्हणून तिथे सहा-नवाचा घोळ होत नाही. तो गेला, मी दुसऱ्या माणसाला पाना दिला, आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या दिवशी चेनपुलीचं काम नव्हतंच.

मला त्याचा भयंकर राग आला. पस्तीस वर्षं माझ्या डब्यातलं लोणचं खाणारा माणूस! राग खरा होता, हे मी आजही सांगतो. पण दुसरा सेंटर पंच मी त्या आधीच, सकाळी आल्या आल्या, खिशात टाकला होता, हेही सांगायला हवं. माझा बिल्ला मी कुठे टांगला नव्हता. टूलरूमवाला स्वतः बिल्ला टांगत नाही.

जेवणाची सुट्टी झाली तशी मी शिडी चढलो. लाइन अजून चालू होती, वाफ भरलेली. उष्णतेने भुवया आखडत होत्या. चिरेतून शिटी येत होती, पहिल्या दिवसापेक्षा जाड. डोळे जवळ नेऊन बघितलं, तर टिंब होतं. ताजं. त्याच्यावर ग्रीस आणि काजळी चोळलेली, जुनं दिसावं म्हणून. शिडीवरून बघताना ते आकड्याच्या पायाशी होतं. म्हणजे सहा. म्हणजे मी.

मी आकड्याच्या दुसऱ्या टोकाला पंच टेकवला. चिरलेल्या, वाफेने भरलेल्या पायपावर, चिरेपासून दोन बोटांवर, हातोडी मारायची. घागला असं करताना मी बघितलं असतं तर कानफटात दिली असती. खालून पॅकिंगच्या दोन बायका बोलत चालल्या होत्या. त्या जाईपर्यंत थांबलो. तेवढी लाज होती. मग डोळे मिटून एक ठोका मारला. पाइप गुरगुरला आणि गप्प झाला. मी टिंबावर काजळी चोळली आणि खाली उतरलो. शर्ट घामाने इतका भिजला होता की तसंच बाकावर बसायला नको वाटलं.

तीन वाजता मॅडम भिंग घेऊन चढल्या. आम्ही दोघं खाली उभे, एकमेकांपासून सहा फुटांवर. मॅडम बराच वेळ वर होत्या. उतरल्यावर त्यांनी भिंग पुसलं, डबीत ठेवलं आणि वही उघडली.

"टिंबं दोन आहेत," त्या म्हणाल्या. "एक वर, एक खाली."

मॅडमनी आमच्याकडे बघितलं नाही, हे त्यांचे उपकार. त्या नियमांच्या पुस्तकात बोट घालून उभ्या होत्या. मोठ्या पायपावर कधी कधी दोन वेल्डर समोरासमोर बसून एकच जोड लावतात, त्यासाठी एक कलम होतं. कधी वापरलं गेलं नव्हतं. एका जोडावर दोन नंबर वाचता येत असतील तर जोड दोघांचा समजावा. असा जोड दोघांचाही शेवटचा असेल, तर जाणं दोघांत निम्मं निम्मं वाटावं. सम नंबराच्या कामगाराने सम तारखांना राहावं, विषम नंबराच्या कामगाराने विषम तारखांना. दिवस सकाळी सातच्या भोंग्यापासून मोजावा. कापलेली कडी घरी न देता टूलरूममध्ये ठेवावी. कडी गंजून तुटली तर वाटणी संपली असं समजावं.

"काही शंका?" मॅडमनी विचारलं.

हनीफने विचारलं, ज्या दिवशी नसू त्या दिवशी कुठे असू? मॅडमनी पुस्तक उलटसुलट चाळलं. त्याबद्दल काही लिहिलेलं नाही, त्या म्हणाल्या, आणि रकान्यात दोघांचीही नावं लिहिली.

शुक्रवारी सकाळपासून लाइन बंद. वाफ सोडली, दोन्हीकडे वाफ अडवायच्या पट्ट्या ठोकल्या, पाइप निवायला दुपार झाली. चौदा तारीख, म्हणजे माझी. हनीफ जेवणानंतर टूलरूममध्ये येऊन बसला. मी किटली घेतली. लांबवर घागचा ग्राइंडर सुरू झाला, आणि मला वाटलं, आत्ता बोलावं. सांगून टाकावं की नवाखालचं टिंब माझं. निदान एवढं तरी त्याला घेऊन जाऊ द्यावं.

"शिगवण," हनीफ म्हणाला, "होडीला ताडपत्री घालायची राहिलीय रे." आणि त्याने पेला पुढे धरला.

मी ओतायला लागलो आणि चहा बाकावर सांडला.

मी बराच वेळ किटली धरून बसलो होतो. कलमात लिहिलंय की तो उद्या सातला येणार, पण कलम आजवर वापरलेलंच नाही, मग कुणी सांगावं? तीनच्या सुमाराला घाग कडी घेऊन आला. हाताच्या तळव्याएवढी, काठ अजून गरम. तिच्यावर एक आकडा आणि दोन टिंबं. सुटल्यावर मी हनीफच्या घरी जाऊन होडीला ताडपत्री घातली. जुबेदाभाभी दोरीचं टोक धरून उभी राहिली.

घरी गेलो. कुंदाने विचारलं, "आहे ना?" "मी आहे," म्हणालो. तिने चहा टाकला. मग मी तिला सम-विषम समजावून सांगितलं. तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि पेनाने एक सोडून एक तारखेला गोल केले. तेव्हापासून ती "आहे ना?" विचारत नाही. कॅलेंडर बघते.

दुसऱ्या दिवशी सातच्या भोंग्याआधी मी टूलरूममध्ये जाऊन बसलो. दोन पेल्यांत चहा ओतला, एक माझा, एक समोर. भोंगा झाला. पुढचं मला सांगता येत नाही. मधे काही आहे का, असेल तर काय, ते आठवत नाही. भोंगा झाला एवढंच आठवतं, आणि माझा भोंगा संपला तेव्हा सोळा तारीख होती. समोरचा पेला धुवून पालथा ठेवला होता. तेव्हा मला रडू आलं. तो आला होता.

आम्ही पुन्हा भेटलो नाही, भेटणारही नाही. पण भोंग्याआधी माझ्या दिवसाच्या शेवटी मी त्याच्यासाठी चहा ओतून ठेवतो, त्याच्या दिवसाच्या शेवटी तो माझ्यासाठी. मी येतो तेव्हा पेला कोमट असतो. अठरा तारखेला मी चिठ्ठी ठेवली, 'टिंब मी मारलं.' वीस तारखेला खाली लिहिलेलं होतं, 'कुठलं?' मी लिहिलं, 'नवाखालचं.' बावीसला उत्तर होतं, 'सहाखालचं माझं. चहात साखर कमी घाल.' तेवढंच. तो विषय तिथे मिटला. त्याचा बिल्ला मी सेंटर पंचाच्या खिळ्यावरून काढून त्याच्या जागेवर नेऊन ठेवला.

नव्या फाट्यावर घागने एक्केचाळीस ठोकलंय. त्याच्याखाली टिंब मारायचं नाही, असं मी त्याला बजावलंय. खालून बायका ये-जा करतात, पाणी ठिबकत नाही. सुलभा पाष्टेच्या मनगटावर डाग राहिलाय. ती दिसली की मी मान खाली घालतो.

कडी टूलरूमच्या फळीवर, मशीनच्या तेलाच्या डबीशेजारी असते. इथली हवा खारी, लोखंड टिकत नाही. पहिल्या आठवड्यात मी घाबरून तिला दिवसातून चार वेळा तेल लावायचो, माझ्या बाजूला जरा जास्तच. मग एकदा लक्षात आलं की मी येतो तेव्हा सहाची बाजू आधीच ओली असते. हनीफ माझ्या बाजूला तेल लावून जातो. आता मी फक्त नवाच्या बाजूला लावतो.

एक दिवस नसणं आता अंगवळणी पडलंय. पण काही महिन्यांना एकतीस तारीख असते, आणि एकतीस आणि एक या दोन्ही तारखा विषम. मग मी सलग दोन दिवस नसतो. त्या महिन्यात तीस तारखेला कुंदा मला जेवताना सोडत नाही, नुसती समोर बसून राहते, आणि एकतीसच्या पहाटे बसकडे जाताना माझ्या डोक्यात एकच असतं. दोन दिवसांत कडीचं काही झालं तर? मी भोंग्याआधी नवाच्या बाजूला तेल लावतो, हनीफचा चहा ओततो, साखर जास्त घालतो आणि बाक घट्ट धरून बसतो.

दोन तारखेला सातला येतो. चहा कोमट असतो, कडी जागेवर असते, आणि सहाच्या बाजूला तेलाचे दोन हात दिलेले असतात.